वीस हजार शब्द मोजले कोणी?

'एका संशोधनानुसार बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात, पुरुष फक्त ७,०००. मेंदूतलं बोलकं प्रोटीन बायकांमध्ये ३० टक्के जास्त असतं. नवरा संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याचा कोटा संपलेला असतो, बायकोचे १३,००० अजून शिल्लक! पटत नसेल तर बायका असलेली कुठलीही मीटिंग बघा.' खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार पिवळे चेहरे.

महिला दिन जवळ आला की हा मेसेज हटकून उगवतो. फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला की पहिली दाद मामींचीच येते. विनोदाला माझी ना नाही. पण 'संशोधनानुसार' असं म्हणून टाकलंय, तर संशोधन बघायला हवं.

आधी आकडा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी २००६ साली त्याचा माग काढला. त्याच वर्षी लुआन ब्रिझेंडाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या पुस्तकामुळे २०,००० विरुद्ध ७,००० ही जोडी जगभर गेली होती. पुस्तकात संदर्भ होता, पण तो निघाला दुसऱ्या एका लोकप्रिय सल्लावजा पुस्तकाचा. लिबरमन मागे मागे जात राहिले, तसे आकडेच बदलत गेले. कुठे बायकांचे ७,००० आणि पुरुषांचे २,०००, कुठे २५,००० आणि १२,०००, तर कुठे थेट ५०,००० आणि २५,०००. त्यांना सापडलेला सगळ्यात जुना उल्लेख १९९३ चा. जेम्स डॉब्सन या ख्रिस्ती विवाह-सल्लागाराच्या पुस्तकातला, आणि तिथेही मोजणीचा पत्ता नाही. म्हणजे कोणीही कोणाचेही शब्द मोजले नव्हते. पुढच्या आवृत्तीतून हा आकडा काढू, असं ब्रिझेंडाइनबाईंनी मान्य केलं. व्हॉट्सॲपला मात्र पुढची आवृत्ती नसते.

ज्यांनी खरंच मोजले, त्यांचं काय? मथियास मेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर एक छोटा रेकॉर्डर दिला. दर साडेबारा मिनिटांनी तो तीस सेकंद आपोआप चालू व्हायचा. कधी चालू आहे हे अंगावर बाळगणाऱ्याला कळायचं नाही, त्यामुळे मुद्दाम गप्प बसायची किंवा मुद्दाम बोलायची सोय नव्हती. 'सायन्स' या नियतकालिकात २००७ साली निष्कर्ष आला: मुलींचे दिवसाला सरासरी १६,२१५ शब्द, मुलांचे १५,६६९. फरक साडेपाचशे शब्दांचा, जेमतेम तीन-चार मिनिटांच्या बोलण्याइतका. सर्वात बोलका नमुना ४७,००० शब्दांपर्यंत गेला, तो मुलगा होता. जेमतेम काहीशे शब्दांत दिवस काढणारा सर्वात अबोल नमुना, तोही मुलगाच.

यावर हमखास येणारी हरकत अशी: 'अहो, ती कॉलेजची पोरं. संसार पडू दे मग बघा.' हरकत रास्त आहे. संशोधकांनाही ती पटली होती, म्हणून २०२५ मध्ये त्यांनी कितीतरी मोठी मोजणी प्रसिद्ध केली. चार देश, २,१९७ माणसं, वयं १० ते ९४. एकूण सरासरी बायकांची १३,३४९ आणि पुरुषांची ११,९५०. दहा ते चोवीस या वयांत आणि पासष्टीनंतर दखल घ्यावी असा फरक नाही. पंचवीस ते चौसष्ट या वयोगटात मात्र तो दिसला: बायका २१,८४५, पुरुष १८,५७०.

आता मेसेजवाले म्हणतील, बघा, २१,००० आलेच की! आले, आणि ते लपवायचं काही कारण नाही. पण शेजारचा आकडाही वाचा. पुरुषांचे साडेअठरा हजार आहेत, सात हजार नव्हेत. तिप्पट म्हणत होतात, निघाला सव्वापटीहूनही कमी. वेळेत सांगायचं तर दिवसभरात वीस-बावीस मिनिटं. ती कुठे जातात, याबद्दल संशोधकांचा एक अंदाज आहे की या वयात मुलं वाढवण्याचं काम बायकांच्या वाट्याला जास्त येतं. सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, अंदाजच. पण 'दप्तर भरलंस का, डबा संपवलास का, बूट कुठे काढलेस, पुन्हा सांगतेय, बूट कुठे काढलेस' हे ज्या घरात रोज सकाळी चालतं, तिथे वीस मिनिटांचा हिशेब लावायला मेंदूत शिरावं लागत नाही. शिवाय माणसामाणसांतला फरक इतका अफाट आहे (दिवसाला शंभरच्याही आत शब्द बोलणारे आणि लाखाच्या वर जाणारे, दोन्ही त्या मोजणीत आहेत) की समोरची व्यक्ती बाई आहे एवढ्यावरून ती किती बोलेल हे सांगताच येत नाही.

कोट्याचा मुद्दा यातच निकालात निघतो. शब्दांचा रोजचा कोटा नावाची वस्तू कोणालाच कुठे सापडलेली नाही. आणि संध्याकाळी 'कोटा संपलेला' नवरा जेवण झाल्यावर पारावर किंवा गच्चीवर मित्रांशी क्रिकेटवर तासभर कसा बोलतो, हे मेसेजकर्त्याने एकदा समजावून सांगावं.

राहिलं ते प्रोटीन. मूळ अभ्यास आहे आणि प्रामाणिक आहे, २०१३ चा, मेरीलँड विद्यापीठातला. फॉक्स-पी-टू नावाचं एक प्रोटीन उंदरांच्या पिल्लांत तपासलं, तर ते नर पिल्लांत जास्त आढळलं. आईपासून दूर केल्यावर जास्त ओरडलीही नर पिल्लंच. मग संशोधकांनी मरण पावलेल्या दहा लहान मुलांच्या मेंदूचे नमुने पाहिले, पाच मुलगे आणि पाच मुली. तिथे मेंदूच्या एका भागात मुलींमध्ये ते तीस टक्के जास्त होतं. बस, इतकंच. मोठ्या माणसांची तपासणी नाही, शब्दांची मोजणी नाही. वर्तमानपत्रांनी याला तो २०,००० वाला आकडा चिकटवला आणि दहा बालकांच्या नमुन्यांवरून जगातल्या सगळ्या बायका बडबड्या ठरल्या. ओरडणाऱ्या नर पिल्लांची बातमी कोणी फॉरवर्ड केली नाही.

मेसेजचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मीटिंग बघा. बघूच या. डेबोरा जेम्स आणि जॅनिस ड्रॅकिच यांनी १९९३ मध्ये स्त्री-पुरुष एकत्र असतानाच्या संभाषणांवरचे ५६ अभ्यास तपासले. पुरुष जास्त बोलले, निदान काही परिस्थितींत तरी, असं ३४ अभ्यासांत निघालं. बायका एकूणात जास्त बोलल्या, असं फक्त दोन अभ्यासांत. ज्याने सोसायटीची वार्षिक सभा पाहिलीय त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. पार्किंगवरून तीन काका एकमेकांचं तेच वाक्य अर्धा तास परत परत सांगतात, गळकी टाकी अजेंड्यावर राहूनच जाते, आणि चहा आल्यावर सेक्रेटरी विचारतात, 'वहिनी, तुम्हाला काही बोलायचंय का? थोडक्यात सांगा हं.'

मग बायका जास्त बोलतात असं इतक्यांना मनापासून वाटतं ते का? खोटं बोलत नाहीत ते, त्यांना तसं ऐकूच येतं. ॲन कटलर आणि डोनिया स्कॉट यांनी १९९० मध्ये एक साधा प्रयोग केला. बोलण्यात दोघांचा वाटा सारखाच असलेले संवाद लोकांना ऐकवले आणि कोण किती बोललं ते विचारलं. एक आवाज पुरुषाचा आणि एक बाईचा असला, की ऐकणाऱ्यांना बाईचा वाटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटायचा. शब्द तेच, तेवढेच.

अपेक्षा आधी आणि पुरावा नंतर, हे आपल्याकडेही जुनंच आहे. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात आणि त्याला युधिष्ठिराच्या शापाचा दाखला देतात. तो शाप कोणामुळे मिळाला? कर्णाच्या जन्माचं गुपित युद्ध संपेपर्यंत पोटात ठेवणाऱ्या कुंतीमुळे!

'अहो, गंमत आहे, सोडून द्या,' हा उरलेला बचाव. घरच्या ग्रुपवर सोडूनही देऊ. पण हीच समजूत खुर्चीवर बसते तेव्हा काय होतं, ते टोकियोत दिसलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑलिम्पिक आयोजन समितीचे अध्यक्ष आणि जपानचे माजी पंतप्रधान योशिरो मोरी म्हणाले की मंडळावर बायका वाढवल्या की बैठका लांबतात, त्यांच्या बोलण्यावर वेळेची मर्यादा घालावी लागेल. विषय जपानच्या ऑलिम्पिक समितीच्या मंडळाचा होता. त्या मंडळावर तेव्हा २४ सदस्य होते आणि त्यांत बायका पाच.

आणि जास्त बोललं तर ते आपल्यावरच उलटतं, हे बायकांना न सांगता कळतं. व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल यांच्या २०११ च्या अभ्यासात अमेरिकी सिनेटमधले वजनदार पुरुष सभागृहात जास्त बोलताना दिसले. बायकांच्या बाबतीत वजन वाढलं तरी बोलणं तसं वाढलं नाही. पुढच्या प्रयोगात जास्त बोलणाऱ्या काल्पनिक सीईओबद्दल लोकांचं मत घेतलं. सीईओ बाई असली, तर तिला कमी सक्षम ठरवण्यात पुरुष होते तशा बायकाही होत्या. मोरी यांना मात्र ओरड झाल्यावर नऊ-दहा दिवसांतच खुर्ची सोडावी लागली. त्यांच्या जागी आल्या सेइको हाशिमोतो.