मलय कथेतले प्रयोग उसने आहेत का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मलेशियातले कथेचे प्रयोग ही लॅटिन अमेरिकेची उसनवारी आहे, आणि मी अनुवाद करून दिलेल्या मलय कथेच्या उताऱ्यात तर प्रयोग दिसतच नाही, असं तुमचं म्हणणं. दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो मला मान्य आहे.

मलय या मलेशियाच्या भाषेत 'दिया' हे एकच सर्वनाम तो आणि ती दोघांना चालतं. क्रियापदाला लिंग नाही, काळाचे प्रत्ययही नाहीत. 'दिया पर्गी' म्हणजे तो गेला, ती गेली, जाते, जाईल. संदर्भावरून काय ते समजायचं. पात्र बाई की पुरुष हे झाकून ठेवायला मूळ लेखकाला काही खटाटोप करावा लागत नाही. मराठीत पहिल्याच 'गेला'ला सगळं उघडं पडतं. मी 'तो' लिहिलं आणि कथेचा जीव तिथेच गेला.

उलट 'कामी' आणि 'किता' मराठीत हुबेहूब उतरतात: आम्ही आणि आपण. निवेदक मध्येच 'कामी' सोडून 'किता' म्हणू लागला, की वाचकही गोष्टीतल्या कृत्यात सामील होतो. इंग्रजीत ही सोयच नाही.

उसनवारीचं मात्र पटत नाही. छापील मलय लघुकथा तरुण आहे, पहिली मानली जाते ती १९२० सालची. पण हिकायती, म्हणजे पारंपरिक मलय गद्यकथा, कितीतरी जुन्या, आणि त्यांत पुन्हा पुन्हा येतं, 'काता यांग अम्पुन्या चरिता': ज्याची गोष्ट आहे तो म्हणतो. ('काता' आलं आपल्या 'कथा'वरून, 'चरिता' 'चरित'वरून.) सांगणारा जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून मोकळा! निवेदकावर भरवसा ठेवावा का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

मलेशियन लेखक अन्वर रिद्वान यांचं २००१चं 'नाराटिफ ओगोनशोतो' घ्या. पॅसिफिकमधलं एक कल्पित प्रजासत्ताक, आणि तिथल्या एकमेकींत गुंतलेल्या कथा. बाहेरचं वाचन यामागे नाही असं मी म्हणत नाही. पण मलय लोककथा 'नगरी अंताह-बरांताह'मध्ये घडतात, म्हणजे कोणत्याच नकाशावर नसलेल्या राज्यात. आपलं आटपाट नगरच ते. सत्तेबद्दल बोलायला असं नगर किती कामाचं, हे त्यांना बाहेरून शिकावं लागलं असेल असं मला वाटत नाही.

उतारा पुन्हा करायला घेतलाय. 'तो निघाला'च्या जागी 'निघावं लागलं' करून पाहिलं. लिंग झाकलं जातं, पण मुळात नसलेली सक्ती शिरते. याहून बरं काही सुचलं तर जरूर लिहा.