‘आमचं चॅनेल सोडून सगळे विकलेले’ म्हणणाऱ्या दादांना

चोपडा-रावेरकडच्या केळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आमचं चॅनेल सोडलं तर सगळे विकलेले, डोळे उघडे असले की पक्षपात दिसतोच, आणि आमचं चॅनेल काही लपवत नाही.

पक्षपात दिसतो, हे खरंय. पण ज्याला त्याला तो आपल्याच विरुद्ध दिसतो. १९८२ मध्ये लेबनॉनच्या बैरूतमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड झालं. त्याच्या टीव्ही बातम्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इस्रायल समर्थक आणि अरब समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. हा अभ्यास १९८५ मध्ये छापून आला. बातम्या त्याच, तरी दोन्ही गट म्हणाले, या आमच्या विरोधात आहेत. आपल्याकडेही कापसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला की टपरीवर एक म्हणतो, ‘उगाच मोठं करून दाखवलं’. शेजारचा म्हणतो, ‘दाखवलंच कुठं?’ टीव्ही एकच असतो.

मग दोन्हीकडून शिव्या खाणारं चॅनेल निष्पक्ष? तेही नाही. शिव्यांवरून बातमी खरी की खोटी ते ठरत नाही.

‘काही लपवत नाही’ हा दावा मात्र सगळ्यात घातक आहे. जे दाखवलंच नाही, ते बघणाऱ्याला खटकणार कसं? समजा, वादळात बागा आडव्या झाल्या. एका चॅनेलवर दिवसभर मंत्र्यांचा पाहणी दौरा, दुसऱ्यावर पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही म्हणून बांधावर उभा असलेला शेतकरी. दोन्ही खरं. पण पहिलंच चॅनेल बघणाऱ्याला विम्याचे पैसे का अडकले, याचा पत्ताच नसणार. आणि आपलं चॅनेल चोख आहे, असं तो शपथेवर सांगेल.

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ब्रूकमन आणि काला या संशोधकांनी ट्रम्प यांच्या बाजूचं मानलं जाणाऱ्या फॉक्स न्यूज चॅनेलच्या नेहमीच्या काही प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर विरोधी सूर मानलं जाणारं सीएनएन चॅनेल बघायला लावलं. त्यामुळे लोकांनी पक्ष सोडले, असं नाही. पण ट्रम्प यांचं काही चुकलं तर फॉक्स ते दाखवेल, हा त्यांचा भरवसा कमी झाला. पैसे थांबले, मंडळी फॉक्सकडे परतली आणि बराचसा परिणाम ओसरला. देश वेगळा, पण ‘आपला तो बाब्या’ आपल्याही घराघरात आहे.

म्हणून दादा, तो मेसेज पुढे ढकलण्याआधी एक करा. तुमच्या चॅनेलने गेल्या महिन्यात तुमच्याच पक्षाची चूक दाखवली असेल, तर ती एक बातमी ग्रुपवर टाका. मी ती पूर्ण बघेन.