परदेशातून : आकडा नकोसा, मग सुईच बदला

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी ॲनिमियावरून चांगलीच जुंपली. सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आकडे कुणीतरी टाकले होते. काकांचं उत्तर तयार होतं : 'आमच्या दारात कधी कुणी आलं नाही. आणि बोटातल्या थेंबभर रक्तातून काय कळतं? तुमच्या अमेरिकेत असं करतात का?'

पहिला मुद्दा सोडून देऊ. नमुन्यात सहा लाखांहून जास्त घरं होती, तरी बहुतेकांच्या दारात कुणी येणारच नाही. बोटाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. बोट पिळलं की रक्तात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. म्हणूनच पहिले थेंब पुसून टाकायचे असतात. दिवसभर घरं पालथी घालणारी बाई दर वेळी तेवढी सवड काढेलच असं नाही.

इथल्या म्हणजे अमेरिकेच्या 'एनहेन्स' या राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण सर्वेक्षणात रक्त शिरेतून घेतात. मोठे ट्रेलर एकमेकांना जोडून फिरता दवाखानाच उभा करतात. या सर्वेक्षणाने कामही मोठं केलं. १९७६ ते १९८० च्या फेरीत लोकांच्या रक्तातलं शिसं सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं, पेट्रोलमधलं शिसं घटत गेलं तसतसं. पुढे शिशावरचे निर्बंध सैल करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा तिला हेच आकडे आडवे आले. पण हा सगळा थाट वर्षाला जेमतेम पाच हजार माणसांसाठी, पंधराएक काउंट्यांत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत. आपल्या सर्वेक्षणात सव्वासात लाख बायका होत्या, ७०७ जिल्ह्यांतल्या. नंदुरबारचं चित्र वेगळं आणि पुण्याचं वेगळं, हे त्या बोटाच्या थेंबामुळेच कळतं. काकांना हवी ती अचूकता घ्या, पण जिल्हा हातचा जातो.

आपल्याकडे झालं असं, की पुढच्या, म्हणजे सहाव्या फेरीतून ही चाचणीच काढली आणि ते काम शिरेतून रक्त घेणाऱ्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे दिलं. शिरेतून घ्या ना, कोण नको म्हणतंय! पण निदान एका फेरीत काही घरांत दोन्ही पद्धतींनी मोजायला हवं होतं. उद्या ॲनिमिया घटलेला दिसला, तर तो लोहाच्या गोळ्यांनी की नव्या सुईने, हे कोण सांगणार? शिवाय महाराष्ट्रातल्या मुलांचा आकडा २०१५-१६ ला ५३.८ टक्के होता, तो २०१९-२१ च्या फेरीत ६८.९ झाला. दोन्ही वेळा रक्त बोटातूनच घेतलं होतं. नुसतं 'पद्धत चुकीची' म्हणून ही वाढ समजत नाही.

अमेरिकेचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. घराघरांतल्या अन्नटंचाईचा वार्षिक अहवाल इथल्या कृषी खात्याने तीसेक वर्षं काढला. सप्टेंबर २०२५ मध्ये खात्याने तो यापुढे काढणार नाही असं जाहीर केलं. नकोशा आकड्याचं दुखणं दोन्हीकडे सारखंच.

आणि इथे लोकही दार उघडेनासे झालेत. 'एनहेन्स'च्या २०१७-१८ च्या फेरीत निवडलेल्यांपैकी निम्मेसुद्धा तपासणीला आले नाहीत. माझ्या शेजाऱ्याकडे अशाच एका सर्वेक्षणाचं पत्र आलं, त्याने ते पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून दिलं. आपल्याकडे पाचव्या फेरीत निवडलेल्या बायकांपैकी ९७ टक्क्यांनी प्रश्नांना उत्तरं दिली. स्वयंपाक, शेत, पोरं सांभाळून! इतका सहकार इथल्या सर्वेक्षणवाल्यांना स्वप्नातही मिळायचा नाही. तो असताना सातव्या फेरीत बोट आणि शीर दोन्ही मोजणं खर्चिक ठरेल, अशक्य नाही.