पानाह आणि बाण

गेल्या आठवड्यात पुण्याहून चुलतभावाचा संदेश आला: इंडोनेशियातला ‘पानाह’ म्हणजे आपलाच संस्कृत ‘बाण’, त्या लोकांना धनुष्यबाण आपणच शिकवला. कुटुंबातल्या निम्म्या मंडळींनी त्याखाली हात जोडले. माझा राग अजून उतरलेला नाही.

इंडोनेशियाची भाषा ज्या मलयमधून घडली, त्या मलयमध्ये ‘भाषा’ची ‘बहासा’ झाली, ‘उपवासा’चा ‘पुआसा’ झाला, हे ऋण तिथले लोक मोकळेपणाने मान्य करतात. पण संस्कृतातून गेलेल्या शब्दांतला आरंभीचा ‘ब’ तिथे ‘ब’च राहतो, त्याचा ‘प’ होत नाही. जुन्या जावानीजमध्ये तर उसना ‘बाण’ आणि घरचा ‘पानाह’ असे दोन्ही शब्द नांदत होते. याच भाषाकुटुंबातल्या, तैवानच्या आदिवासींच्या पायवान भाषेत हाच शब्द ‘पानाक’ असा ऐकू येतो, फिजीत ‘वाना’, सामोआत ‘फाना’, हवाईत ‘पाना’. सामोआत माणसे सुमारे २८०० वर्षांपूर्वी पोचली, आणि इंडोनेशियात संस्कृत पोचल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा, म्हणजे बोर्निओतल्या कुताई राज्याचे संस्कृत शिलालेख, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपासचे आहेत. मग हा शब्द आपण त्यांना कधी दिला?

मी ऑकलंडला राहतो. शेजारच्या सामोअन आजींच्या बोलण्यात ‘फाना’ म्हणजे आता बंदूक. माझी मुलगी शाळेत ‘ते रेओ’, म्हणजे माओरी भाषा, शिकते. तिच्या माओरीतही तो ‘फाना’च, पण अर्थ लाथ मारणे, ताणलेली वस्तू उसळून मागे येणे. बाण सुटून गेला आणि ताणलेल्या धनुष्याची उसळी तेवढी शब्दात राहिली, असे मला नेहमी वाटते. हवाईत तर ‘पाना’ म्हणजे नाडीचा ठोकाही.

भावाने संदेशाच्या शेवटी ‘आपल्या पूर्वजांनी केवढा तीर मारला होता’ असे अभिमानाने लिहिले आहे. हा ‘तीर’ आपण फारसीतून घेतला, तरी नेमबाजी आपल्याला इराणने शिकवली असे कोणी म्हणाले तर तो चवताळून उठेल.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहितो, कारण इथे आलो त्या वर्षी एका सामोअन सहकाऱ्याला मीही अभिमानाने हेच ऐकवले होते. तो भांडला नाही. डबा बंद करत एवढेच म्हणाला, “हा शब्द मला माझ्या आजोबांनी शिकवला.” मराठीला कोणी हिंदीची बोली म्हटले की माझ्या तोंडी नेमके हेच वाक्य येते, आणि ते मी त्याच्याकडून घेतले आहे, हे मी भावाला अजून सांगितलेले नाही.