नवी खिडकी, तीच गळती

मे महिना उजाडला की एक मजकूर घरोघरच्या फोनवर फिरू लागतो. यंदा तो मला सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मावशीने पाठवला, मग ऑफिसातल्या दोघींनी. मजकूर थोडक्यात असा: 'मुंबईकरांनो, पावसाळ्याआधी जुन्या लाकडी-लोखंडी खिडक्या काढून टाका आणि यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या) डबल काचेच्या स्लायडिंग खिडक्या बसवा. गळती कायमची बंद, गंज नाही, एसीचं बिल निम्मं. वादळाचा इशारा आला तर काचांवर टेपच्या फुल्या मारा आणि एक खिडकी किलकिली ठेवा, म्हणजे दाब सारखा राहून काचा फुटत नाहीत.'

यात अर्धं वाक्य खरं आहे. ते कुठलं ते पुढे सांगते. बाकीच्या दाव्यांपायी पैसे जातात, आणि शेवटच्या दोन सल्ल्यांपायी रक्तही निघू शकतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

टेपने काच मजबूत होत नाही. वाऱ्यावर आलेला पत्रा, कुंडी किंवा माडाची झावळी आदळली की टेप लावलेली काचही तेवढीच फुटते. उलट टेपला चिकटलेले मोठे, सुरीसारखे तुकडे एकदम घरात येतात. अमेरिकेतलं नॅशनल हरिकेन सेंटर कित्येक वर्षं लोकांना 'टेप लावू नका' असं सांगतंय. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी मुंबईत पुष्कळ खिडक्यांवर फुल्या दिसत होत्या. वादळ रायगडात उतरलं, आपल्या काचा शाबूत राहिल्या आणि श्रेय गेलं टेपला. तिचा गोंद मात्र आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईपर्यंत निघाला नव्हता. वादळाच्या रात्री करायचं ते साधं आहे: गॅलरीतल्या कुंड्या आणि वाळत घालायच्या दांड्या आत घ्या, पडदे ओढा, काचेपासून लांब झोपा. काच बदलायचीच असेल तर लॅमिनेटेड घ्या. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, मोटारीच्या पुढच्या काचेसारखा. तडकली तरी ती जागेवर राहते. टफन्ड काच फुटून तिचे बारीक खडे होतात, त्यामुळे कापण्याची भीती कमी. पण मग खिडकीला भगदाड पडतं आणि पाऊस थेट पलंगावर.

खिडकी किलकिली ठेवण्याचा सल्ला तर उलटाच आहे. घरं काही हवाबंद डबे नसतात, दाब आपोआप सारखा होतच असतो. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी राहिली की वारा आत शिरून भिंतींना आणि छताला आतून ढकलतो. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये ओल्या गादीवर भागेल. पण वरच्या मजल्यावर पत्रे असलेल्या चाळीत किंवा बैठ्या घरात बाहेरून ओढ आणि आतून रेटा असं दोन्ही मिळून पत्रे उचलले जातात. वादळात सगळ्या खिडक्या बंद, कडी लावून.

आता गळती. इथे माझा स्वतःचा खिसा कापला गेलाय, म्हणून जरा सविस्तर. माहीमला आमचं घर चौथ्या मजल्यावर, हॉलची खिडकी पश्चिमेला. जुनी लाकडी खिडकी झडीत गळायची, म्हणून अगदी त्या मजकुरात म्हटल्यासारखी स्लायडिंग बसवून घेतली. पहिला जोरदार पाऊस झाला आणि पाणी त्याच कोपऱ्यातून, त्याच वेळेला. खिडकी बसवणारा फॅब्रिकेटर म्हणाला, 'मॅडम, सिलिकॉन मारून देतो.' त्याने सिलिकॉन मारलं, पाणी येतच राहिलं.

कारण खिडकीतून येणारं पाणी बहुतेक वेळा खिडकीतून येतच नसतं. आमच्याकडे ते छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यातल्या भेगेतून उतरत होतं आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बाहेर पडत होतं. दुसऱ्या घरात खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला ढाळ आतल्या बाजूला असतो, तिसऱ्या घरात त्या पट्टीच्या खालून पाणी तोडणारी खाचच नसते, त्यामुळे पाणी उलटं भिंतीकडे ओढलं जातं. चौकट सोन्याची बसवली तरी या तिन्ही दुखण्यांना गुण येणार नाही. शोध घ्यायचा तर कोरड्या दिवशी पाइपने पाणी मारून बघा, पण खालून वर: आधी पट्टीखाली, मग बाजूच्या सांध्यांवर, मग काचेवर, शेवटी छज्जावर. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, आणि एकाने आत बोट लावून उभं राहायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

आणि स्लायडिंगचं म्हणाल तर तिला झडीचं वावडंच आहे. हे नुसतं मत नाही, हिशेब आहे. ताशी ६० किलोमीटरचा वारा काचेवर जेवढा दाब टाकतो, त्याने पाणी सुमारे १७ मिलिमीटर वर ढकललं जातं. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्याला झोत ताशी ११४ किलोमीटरला पोहोचला होता. त्या दाबाने पाणी सहा सेंटिमीटर चढतं. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकची आतली कड बहुधा त्याहून बुटकी. ट्रॅकमधलं पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांतूनच वारा आत घुसतो, पाणी बुडबुड करतं आणि कड ओलांडून सोफ्यावर येतं. वारा पडला की सगळं मुकाट बाहेर निघून जातं. 'पाऊस तोच, मग आजच कसं गळलं?' याचं उत्तर बरेचदा हेच. शिवाय ती भोकं धुळीने आणि मुंग्यांच्या वारुळाने बुजलेली असतात. मेमध्ये तारेने साफ करा, फुकटात निम्मा त्रास कमी होईल. नवी खिडकी घेणारच असाल तर पश्चिमेला आणि दक्षिणेला बिजागरीवर उघडणारी घ्या, जिचं शटर बंद करताना चारही बाजूंच्या रबरावर दाबून बसतं. स्लायडिंगच्या शटरांमधली फट ब्रशने झाकलेली असते, आणि ब्रश धूळ अडवतो, झड नाही.

'गंज नाही' हे ते अर्धं खरं वाक्य. यूपीव्हीसीची चौकट गंजत नाही, हे मान्य. पण तिच्या पोटात लोखंडी पट्ट्या असतात, आणि स्क्रू, चाकं, बिजागऱ्या धातूच्याच. समुद्राजवळ आधी जातं ते हेच. ॲल्युमिनियमच्या खिडकीला साधे लोखंडी स्क्रू मारले तर स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते आणि ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. स्टेनलेस मागा, समुद्रासमोर असाल तर ३१६ ग्रेडचं. गंमत म्हणजे पावसात भिजणारा भाग जास्त टिकतो, कारण मीठ धुऊन जातं. छज्जाखालचा कोरडा कोपरा आधी गंजतो. तो ओल्या फडक्याने पुसायचा.

एसीच्या बिलाबद्दल. डबल काच मुख्यतः आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक अडवते. बाहेर ३३, आत २६, म्हणजे सात अंश. चार बाय चार फुटांच्या खिडकीत साध्या डबल काचेने त्यामुळे वाचते ती साधारण ३० वॉटची उष्णता, एक-दोन एलईडी ट्यूबएवढी. त्याच खिडकीवर एप्रिलात चार वाजता पडणारं ऊन काही शे वॉट आत ओततं, आणि पारदर्शक काच एक असो वा दोन, ते ऊन फारसं अडत नाही. ते बाहेरच अडवावं लागतं. दक्षिणेला छज्जा पुरतो; पश्चिमेला सूर्य खाली येऊन छज्जाखालून आत बघतो, तिथे बाहेरून बांबूच्या काड्यांचा पडदा (चीक) सोडा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर त्याचं स्वागत करतो. रस्त्याच्या आवाजाने झोप उडत असेल तर मात्र डबल काच जरूर घ्या.

राहिल्या जुन्या खिडक्या. लोखंडी चौकट आतून गंजून फुगली असेल, प्लास्टर उकललं आणि काच दाबून तडकली असेल, तर काढाच. सागवानी खिडकीचं तसं नाही. ती कुजते बहुधा खालच्या आडव्या पट्टीत. तेवढा भाग कापून सुताराकडून नवा सागाचा तुकडा सांधून घ्या, काचेची सुकलेली लांबी (पुट्टी) खरवडून नवी भरा. आणि जुलैमध्ये फुगून अडकली म्हणून तिला लगेच रंधा मारू नका, नाहीतर मार्चमध्ये बोटभर फट दिसेल.

'पावसाळ्याआधी' या शब्दाचीच मला जास्त धास्ती वाटते. मेअखेरीला सगळे फॅब्रिकेटर घाईत असतात आणि पहिल्या सरीनंतर भिंत ओली. ओल्या प्लास्टरवर सिलिकॉन धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन तर सिमेंटवर कोरडं असतानाही नीट चिकटत नाही, तो वास नसलेलं न्यूट्रल लागतं. हे काम नोव्हेंबर ते मार्चचं. आमच्या हॉलच्या खिडकीचा मुहूर्तही नोव्हेंबरातच आहे. तोवर ट्रॅकमध्ये जुना टॉवेल आणि खाली आईचं पितळी घमेलं.