पुठ्ठ्याला भोकं कोण पाडायचं?

रात्री साडेनऊला सोलापूरच्या कन्ना चौकातल्या टपरीवर विमावाला पिंट्या आला तोच मोबाइल नाचवत.

"अण्णा, माणसाएवढी अक्कल असलेलं एआय येऊलालंय. कामं ते करणार, पैसे सरकार घरपोच देणार. आपण नुसतं लोळायचं!"

"तू आता काय करतोस बे?" मास्तर म्हणाले. मास्तरांचे वीस हजार पिंट्याच्या एमूपालनात गेलेत, त्यामुळे त्याच्या तोंडून भविष्य ऐकलं की त्यांचं डोकं फिरतं. "अन् एवढं घाबरायचं, नाचायचं कारण नाही. 1997 ला कॉम्प्युटरनं कास्पारोव्हला हरवलं. बुद्धिबळ बंद पडलं का? आपला गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला."

"मास्तर, बुद्धिबळावर किती घरांच्या चुली पेटतात?" अण्णांनी विचारलं.

मास्तर चहाकडे वळले.

अण्णांची पस्तीस वर्षं मागावर गेली. ते बोलायला लागले की मी मध्ये बोलत नाही.

"चादरीवरचा मोर कसा उठतो माहितीय? एकेका ओळीला एकेक पुठ्ठा. भोक असलं की सुई आत जाते, हुक धागा वर उचलतो. भोक नसलं की धागा खालीच. हे जकार्ड."

"1804 चं, फ्रान्समधलं," मास्तरांना राहवलं नाही. "कॉम्प्युटरची पंचकार्डं त्यावरूनच सुचली."

"असेल. माझा थोरला भाऊ ते पुठ्ठे पाडायचा. आधी चौकटीच्या कागदावर मोर रंगवायचा, डोळे फुटेस्तोवर. मग इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, पुठ्ठा गेला, भाऊ घरी बसला. त्याचे मोर मात्र पेनड्राइव्हमध्ये घालून अजून विणतात. त्याला दमडी नाही. तुझं एआय पण दुसऱ्यांचंच लिहिलेलं, काढलेलं गिळून शहाणं झालंय ना? मग त्यांचा वाटा कुठाय?"

हाच खरा प्रश्न आहे, असं मला मनापासून वाटतं. यंत्र किती हुशार होणार याची चर्चा सगळीकडे चालते, या वाट्याचं नाव कुणी काढत नाही.

मास्तर म्हणाले, "हॉलिवूडच्या लेखकांनी 2023 ला 148 दिवस संप केला. एआयच्या नावाखाली आमचं श्रेय अन् मानधन कापायचं नाही, हे करारात घेतलंच त्यांनी."

"सरकार देईल की!" पिंट्याचं आपलं तेच.

"इथं जवळच्या कुंभारीला जाऊन ये एकदा," अण्णा म्हणाले. "विडी वळणाऱ्या बायकांनी दहा हजार घरं उभी करून घेतली. मोर्चे काढून, पायाचे तुकडे पाडून. घरपोच कुणी आणून दिलेली नाहीत."

पिंट्या गप्प. पण पिंट्या तो, किती वेळ गप्प बसणार?

"बरं, मग आपण पण युनियन काढू. वर्गणी मी गोळा करतो."

"आधी एमू आण!" मास्तर ओरडले. अण्णांना ठसका लागला, चहा सदऱ्यावर. टपरीवाला हसत हसत म्हणाला, "अन् माझे परवाचे सहा कटिंग?"