‘सहा हजार घेतले आणि सगळं विसरलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या सॉफ्टवेअरनं काढलेलं मालाचं चुकीचं चलन फाउंड्रीच्या गेटवरून परत आलं आणि पार्टीसमोर तुम्हाला मान खाली घालावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागते. त्यात आमचीही एक चूक आहे, ती पुढे लिहिते. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की ‘एआयला प्रोजेक्टची आठवण राहील म्हणून सहा हजार घेतले, तीन आठवड्यांत सगळं विसरलं, सरळ फसवणूक आहे, मॅडम फोनही उचलत नाहीत.’ फसवणूक हा शब्द वाचल्यापासून दोन रात्री मला झोप नाही. टिळकवाडीत दोन खोल्यांत आम्ही दोघं जण हे काम करतो. निपाणीचं एक काम जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी परवा तुमचा रिव्ह्यू मला पाठवला आणि ‘जरा थांबूया’ म्हणाले.

तुमचा कोड लिहिणारा एआय सहाय्यक दर नव्या सेशनला कोरी पाटी घेऊन बसतो, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं की आठ-दहा नियम असतील तर प्रोजेक्टमध्ये सूचनांची साधी फाईल ठेवा, ते फुकट होतं, मला पैसे देऊ नका. तुम्हीच म्हणालात, फाईल इतकी लांबलीय की दरवेळी ती अख्खी वाचण्यात टोकन (एआयच्या वाचण्या-लिहिण्याचं माप) जातात आणि नेमका हवा तो नियम हुकतोच. म्हणून आपण नोंदींचं टूल बसवलं. सहाय्यक ठरलेली गोष्ट लिहून ठेवतो आणि काम हातात घेताना त्या कामापुरत्याच नोंदी मागवतो. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडण्याची पद्धत, खुला केला, त्याच पद्धतीनं ते जोडलंय. तुमच्या नोंदी मराठीत, कोड इंग्रजीत, फाउंड्रीच्या हिशेबनीसांचे निरोप कन्नडमध्ये. नुसते शब्द जुळवून काही सापडेना, म्हणून अर्थावरून शोध लागेल अशी सोय केली. त्याला चार दिवस जास्त गेले, त्याचे पैसे मी लावले नाहीत.

आता जे मनाला लागलंय ते. टूल विसरलं नाही सर, नोंदी पुसल्या गेल्या. सोमवारी उद्यमबागेत तुमच्या शेजारी बसून आपण दोघांनी ते पाहिलं की. नोंदी गेल्या त्या रात्री बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार होणं, अडकला होता. सहाय्यकानं ‘गिट क्लीन’ सुचवलं (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये नसलेल्या फाईली पुसणारी कमांड), मागे एफ, डी आणि एक्स लावून, आणि चालवू का म्हणून परवानगी विचारली. तुम्ही हो म्हटलंत. नुसतं एफ-डी असतं तर गिटइग्नोरमधल्या, म्हणजे गिटनं वगळायच्या यादीतल्या, फाईली शाबूत राहिल्या असत्या. एक्स लावलं की त्याही जातात, आणि गिटमध्ये त्या नसतातच, म्हणून परतही येत नाहीत. नोंदींची फाईल गिटइग्नोरमध्ये का होती? पार्टीचा माणूस रिपॉझिटरी (गिटमधला सगळा कोड) बघतो, त्याला नोंदी दिसायला नकोत असं तुम्ही सांगितलं होतं म्हणून. टूलचा लॉग, म्हणजे त्यानं कधी काय केलं याची फाईल, प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर होता, म्हणून तो वाचला. त्यात स्वच्छ दिसतं, ९:४० पर्यंत ४१ नोंदी, १०:५२ ला सहाय्यकानं ‘रिजेक्शन’ (नापास माल) विचारलं तेव्हा शून्य. ‘रिजेक्शनचा माल नगावर नाही, वजनावर वजा करायचा’ ही नोंद त्यातच गेली, आणि सहाय्यकानं नगावर वजा केलं. सोमवारी ते बघून तुम्ही स्वतः ‘अरे हो’ म्हणालात. मंगळवारी रिव्ह्यू टाकलात. त्यात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

आमची चूक अशी की एसक्यूलाइटला (नोंदी ज्यात साठवतो त्या डेटाबेसला) फाईल सापडली नाही तर ती गुपचूप नवी रिकामी फाईल बनवते, आणि मी ते अडवलं नव्हतं. ‘नोंदींची फाईल गायब आहे’ असं टूलनं ओरडून सांगायला हवं होतं, त्यानं नुसतं ‘काही सापडलं नाही’ म्हटलं. तेवढं कळलं असतं तर तुम्ही थांबला असता. ही जबाबदारी माझीच. आता नोंदी प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर ठेवतो, रोज एक कॉपी निघते, आणि बाकीही काही सुधारणा चालू आहेत.

फोनबद्दल म्हणाल तर ती आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र होती. भावाच्या मंडळाचा चित्ररथ होता, मी पोरांना घेऊन रस्त्यावर उभी होते. ढोल-ताशात काही ऐकू आलं नाही. तुम्हीही बेळगावचेच. सकाळी सात वाजता मिस्ड कॉल बघितले आणि तोंड न धुता तुम्हाला फोन लावला. तरीही रात्रीच्या वेळेसाठी काहीतरी व्यवस्था करते.

सहाय्यकाबरोबरच्या तुमच्या जुन्या संभाषणांतून ३० नोंदी आम्ही परत काढून दिल्या, एक रुपया न घेता. उरलेल्या ११ मध्ये बहुतेक जॉबवर्कच्या दरांच्या आहेत, त्या तुम्हालाच तोंडी सांगाव्या लागतील. शनिवारी दुपारी दोनपर्यंत ऑफिसात आहे, लॅपटॉप घेऊन या.